पाटी, पेन्सिल आणि पाण्याखालचं इंग्रजी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



इंग्रजी शिकायला मी फिलिपिन्सला गेले होते, असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हमखास हसू येतं. लंडन नाही, अमेरिका नाही, अगदी ऑस्ट्रेलियाही नाही, फिलिपिन्स? आणि त्यातले पाच आठवडे मी समुद्राच्या तळाशी प्रवाळ मोजत होते, असं पुढे सांगितलं, की हसू जाऊन काळजी दिसायला लागते. पाण्याखाली कुणी बोलतं का? मग इंग्रजी कुठलं शिकलात?

प्रश्न रास्त आहे. त्याचंच उत्तर आज द्यायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत सेमी-इंग्रजीचे वर्ग सुरू झाले आणि जे विज्ञान मी इतकी वर्षं मराठीतून रंगवून सांगत होते, ते इंग्रजीतून सांगायची पाळी आली. पुस्तकातलं इंग्रजी मला उत्तम कळतं. एम. एस्सी. केलं तेव्हा प्राणिशास्त्राची सगळी पुस्तकं इंग्रजीतूनच वाचली. पण तोंड उघडायचं म्हटलं की वाक्य आधी मनात जुळवायचं, तपासायचं, आणि तोवर वर्गातली मुलं खिडकीबाहेर बघायला लागलेली. आपल्याकडे हा आजार फार जणांना आहे. म्हणून २०२४ साली मे महिन्याच्या सुट्टीला बिनपगारी रजा जोडून मी आठ आठवड्यांसाठी निघाले. विहिरीत आणि नदीत पोहून वाढलेली असल्यामुळे पाण्याची भीती नव्हती. भीती होती ती बोलण्याची.

फिलिपिन्सच का, तर तिथं इंग्रजी ही फिलिपिनोच्या बरोबरीनं राजभाषा आहे. १९०१ साली 'थॉमस' नावाच्या जहाजातून अमेरिकी शिक्षकांची मोठी तुकडी मनिलाला उतरली आणि त्या देशात इंग्रजी शाळांचं जाळं पसरलं. त्या शिक्षकांना आजही जहाजाच्या नावावरून 'थॉमसाइट' म्हणतात. त्याचं फळ म्हणजे आज सेबू शहरात परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीच्या ढीगभर शाळा आहेत. त्यांतल्या बऱ्याच कोरियन लोकांनी चालवलेल्या, आणि विद्यार्थी मुख्यतः कोरिया, जपान आणि तैवानचे. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, दिवसाला चार-चार, सहा-सहा तास. काही शाळांना तर 'स्पार्टा' म्हणतात. आवारात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोललात तर दंड, आणि आठवडाभर बाहेर पडायची बंदी. माझी शाळा इतकी कडक नव्हती. तीन आठवडे मी एका चोवीस-पंचवीस वर्षांच्या बाईंसमोर बसून रोज चार तास बोलत होते. त्या मला 'मॅम' म्हणायच्या आणि मी त्यांना 'टीचर'. त्यांची स्वतःची मातृभाषा सेबुआनो. इंग्रजी त्यांनाही शाळेत शिकावंच लागलं होतं, त्यामुळे माझी अडचण नेमकी कुठे आहे हे त्यांना लगेच कळायचं. जन्मजात इंग्रज माणसाला ते कळलं असतं असं मला वाटत नाही.

तरीसुद्धा खरं सांगायचं तर त्या खोलीतलं इंग्रजी हे खोलीतलंच होतं. 'तुमचा आवडता सण कोणता', 'तुमच्या गावाचं वर्णन करा'. मी गणपतीचं वर्णन तीनदा केलं. तिसऱ्या वेळी ते बऱ्यापैकी जमलं, पण त्या वर्णनावाचून कुणाचं काही अडलेलं नव्हतं.

पुढचा टप्पा त्यासाठीच निवडला होता. सेबूहून दक्षिणेकडे बसनं चारेक तास, लिलोआनच्या धक्क्यावरून बोटीनं अर्धा तास, की आपण पलीकडच्या नेग्रोस बेटावर सिबुलानला उतरतो. तिथून जवळच दुमागेते शहर. किनाऱ्यानं आणखी पुढे गेलं की मच्छीमारांची गावं लागतात आणि त्यांतल्या एकाच्या कडेला आमचा तळ होता. प्रवाळ संवर्धनाचं काम करणारी एक छोटी संस्था, पैसे भरून आलेले नऊ स्वयंसेवक, तीन प्रशिक्षक आणि बांबूच्या झोपड्या. होड्या बघून मला घरच्यासारखं वाटलं, कारण त्यांना दोन्ही बाजूंनी उलांडी होती. कोकणात एका बाजूला असते, तिथं दोन बाजूंना. त्या होडीला ते 'बांका' म्हणतात. जूनमध्ये जो वारा सुटतो त्याला 'हाबागात'. तो म्हणजे आपलाच नैर्ऋत्य मोसमी वारा.

पहिला आठवडा बुडी मारायला शिकण्यात गेला. स्कूबामध्ये धाडस कमी आणि शिस्त जास्त, हे लोकांना सांगावंसं वाटतं. २०० मीटर न थांबता पोहून दाखवायचं, १० मिनिटं आधाराशिवाय तरंगायचं, आरोग्याची प्रश्नावली खरी खरी भरायची. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. १० मीटरवर तुमच्या फुप्फुसातली हवा जमिनीवरच्या निम्म्या जागेत मावते, आणि वर येताना तीच हवा दुप्पट होते. म्हणून पहिला आणि शेवटचा नियम एकच: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. हे वर्गात दरवर्षी मी बॉइलचा नियम म्हणून फळ्यावर लिहिते. पाण्यात तो कानाला कळतो, अक्षरशः. खाली जाताना नाक दाबून कानातला दाब सारखा केला नाही, तर कळ थेट मेंदूत जाते.

आता बोलण्याचा भाग. पाण्याखाली खुणांची भाषा असते. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे 'ठीक'. अंगठा वर केला तर 'शाब्बास' नव्हे, 'वर चला'. तळहात उलटसुलट हलवला म्हणजे 'काहीतरी बिनसलंय'. बाकीचं सगळं पाण्यात उतरण्याआधी बोलून घ्यायचं, आणि ते बोलणं नीट समजलं नाही तर गंमत नसते. सिलिंडरमध्ये साधारण २०० बार हवा असते. किती उरली की मागे फिरायचं, ५० बार उरण्याआधी वर कसं यायचं, ५ मीटरवर ३ मिनिटं कसं थांबायचं, कुणी हरवलं तर किती वेळ शोधायचं. आमच्या तुकडीत कोरियन होते, एक स्विस मुलगा होता, फिलिपिनो पदवीधर मुली होत्या, दोन इंग्रज होते आणि मी. इंग्रजीतले 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' हे दोन आकडे सगळ्यांच्या तोंडात सारखेच येत होते. त्यातून कोरियन भाषेत 'फ' नाही, सेबुआनोतही मुळात नाही, त्यामुळे ते 'पिप्टीन' आणि 'पिप्टी' म्हणणार. आमचा मराठी 'फ' तिसराच, ओठ मिटून हवा सोडणारा. म्हणून तळावर नियमच होता की आकडा सुटा सांगायचा: 'वन-फाइव्ह', 'फाइव्ह-झीरो'. आणि ऐकणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा. दुसरा नियम त्याहून चांगला होता. सूचना संपल्यावर 'समजलं का?' असं विचारायचं नाही, कारण सगळे 'हो' म्हणतात. त्याऐवजी कुणालातरी उभं करून 'आता तुम्ही आम्हाला सांगा' म्हणायचं. तिसऱ्या दिवशी ती वेळ माझ्यावर आली. मनात वाक्य जुळवायला वेळच नव्हता. बाकीचे आठ जण माझ्या सांगण्यावर पाण्यात उतरणार होते. मी बोलले. व्याकरण कसं होतं ते आठवत नाही, कुणाला आठवत असेल असंही नाही. आकडे बरोबर होते.

आणि एक गोष्ट मला फार आवडली. तळाच्या प्रमुख बाईंनी दोन्ही इंग्रज मुलांना बाजूला घेऊन सांगितलं, की तुमचंच इंग्रजी सगळ्यांत कमी कळतं. सावकाश बोला, म्हणी वापरू नका. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला हे ऐकायला काय वाटतं, ते मी श्रोत्यांवर सोडते.

दुसरा आठवडा अभ्यासाचा. 'रीफ चेक' नावाची एक पद्धत आहे. १९९६ साली सुरू झालेली ही चळवळ सामान्य बुडीबाजांना प्रवाळाची पाहणी करायला शिकवते. १०० मीटरची फीत तळावर अंथरायची. तिचे २०-२० मीटरचे चार तुकडे, मध्ये ५-५ मीटरची मोकळी जागा. फितीभोवतीच्या ५ मीटर रुंद पट्ट्यात ठरावीक मासे मोजायचे, मग शिंपले, शंख, समुद्री काकडी, साळिंदरासारखे काटे असलेले सागरी गोळे. शेवटी दर अर्ध्या मीटरला फितीखाली नेमकं काय आहे ते लिहायचं: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, खडक, चुरा, वाळू, गाळ. असे १६० बिंदू. प्रत्येकाला इंग्रजी दोन अक्षरी खूण. लिहायचं कशावर? प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पाटीवर, शिसपेन्सिलीनं. ही पाण्यातही उमटते. पहिलीच्या वर्गात शिकलेली पाटी-पेन्सिल चाळिशी उलटल्यावर समुद्राच्या तळाशी पुन्हा हातात आली.

मोजायचे मासे मोजकेच असतात आणि प्रत्येकामागे कारण असतं. फुलपाखरू मासा प्रवाळाच्या आसऱ्यानं जगतो, तो कमी झाला तर प्रवाळाचं काहीतरी चुकतंय. पोपट मासा चोचीसारख्या दातांनी खडकावरचं शेवाळ खरवडतो, म्हणून नव्या प्रवाळाला जागा मिळते. शिवाय खाल्लेला चुना वाळू होऊन बाहेर पडतो. मोठा हेकरू, ज्याला काही ठिकाणी गोब्रा म्हणतात आणि तिथं लापू-लापू, तो चवीला उत्तम म्हणून पहिल्यांदा संपतो. (लापू-लापू हे नाव मुळात सेबूजवळच्या माक्तान बेटावरच्या सरदाराचं. १५२१ साली त्याच्या माणसांशी लढताना मॅगेलन मेला. त्याच वीराचं नाव ताटातल्या माशालाही आहे.) हेकरू ३० सेंटिमीटरच्या वरचाच मोजायचा. पाण्यात सगळं एक तृतीयांशानं मोठं दिसतं. म्हणून प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे तळाशी ठेवून लांबीचा अंदाज घोटवून घेतात. परीक्षा होते आणि तुमचे आकडे प्रशिक्षकाच्या आकड्यांशी जुळेपर्यंत तुमची पाटी कुणी हिशेबात धरत नाही. माझं जुळायला नऊ दिवस लागले.

इथं बोलणं सुरू झालं ते खरं. बुडीनंतर ओल्या कपड्यांनीच सगळे बाकावर बसायचे आणि पाट्या ताडून बघायचे. तू सात पोपट मासे लिहिलेस, मी चारच. तो मासा पट्ट्याच्या आत होता की बाहेर? तो ३० चा होता की २५ चा? मृत प्रवाळ ताजा होता की शेवाळ चढलेला? मी माझ्या आकड्यासाठी भांडले. इंग्रजीत. मराठी माणसाला भाषा कुठली का असेना, भांडण लागलं की शब्द सापडतात. तिथं मला पहिल्यांदा जाणवलं, की आपण मनातल्या मनात भाषांतर करत नाही आहोत. सेबूच्या खोलीत मी भाषा शिकत होते. बाकावर मी हेकरूची लांबी ठरवत होते, आणि भाषा मागून येत होती.

आता प्रवाळाबद्दल. पोवळं म्हटलं की आपल्याला अंगठीतला मंगळाचा खडा आठवतो. तो लाल खडा मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या जातीचा. मी सांगते आहे ते भित्ती बांधणारे प्रवाळ. मोहरीपासून सुपारीएवढे मऊ जीव, चुन्याची घरं बांधतात, आणि त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल अन्न बनवतं, प्रवाळ आसरा देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशानं तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढराफटक होतो. त्याला विरंजन म्हणतात. तो लगेच मरत नाही, पण उपाशी असतो. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ अशा जागतिक लाटा येऊन गेल्या होत्या, आणि चौथी लाट चालू असल्याचं शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं. या चौथ्या लाटेत जगातल्या ८० टक्क्यांहून अधिक प्रवाळक्षेत्राला घातक उष्णता सोसावी लागली. म्हणजे मी पोचले ती नेमकी ही वेळ. फितीखालचे काही बिंदू पांढरे होते. आमच्या पाटीवर त्याचाही वेगळा रकाना होता.

समुद्र तापतो त्यावर नऊ स्वयंसेवक काय करणार? काही नाही. हे आमच्या प्रशिक्षकानं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि ते बरं केलं. हातात असतं ते दुसरं. काटेरी मुकुटासारखा दिसणारा एक तारामासा प्रवाळ खातो आणि अधूनमधून त्याची टोळधाड येते. एक मादी वर्षाला कोट्यवधी अंडी घालते. त्याला मारायला घरातलं साधं व्हिनेगर पुरतं, हे ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कुक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ च्या सुमारास दाखवलं. आम्ही लांब सुईच्या पिचकाऱ्या घेऊन ते काम केलं. जाळ्यांचे तुकडे कापून काढले. आणि मोजलं. मोजणं हेच मुख्य काम. कारण माशांचं राखीव क्षेत्र ठेवायचं की उघडायचं, हे शेवटी गावच ठरवतं.

हे 'गाव ठरवतं' प्रकरण जगभर पोचलं ते याच भागातून, आणि ते आपल्याला कळायला हवं. दुमागेतेच्या सिलिमन विद्यापीठात एंजेल अल्काला नावाचे जीवशास्त्रज्ञ होते. १९९२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०२३ साली ते गेले. १९७४ मध्ये त्यांच्या पुढाकारानं सुमिलोन बेटाच्या प्रवाळाचा एक भाग मासेमारीला बंद झाला. दहा वर्षं मासे वाढले, शेजारच्या पाण्यात सापडणारी मासळीही वाढली. १९८४ मध्ये राजकारण आडवं आलं, संरक्षण ढासळलं, सगळीकडे मासेमारी सुरू झाली. जास्त जागा उघडली म्हणजे जास्त मासे मिळायला हवेत ना? मिळकत निम्म्यावर आली. अल्काला आणि ऑस्ट्रेलियाचे गॅरी रस यांनी ते आकड्यांनिशी मांडलं. इतका स्वच्छ प्रयोग शास्त्रज्ञाला ठरवून करता आला नसता.

दुसरं बेट आपो. नेग्रोसच्या टोकाजवळचं छोटं ज्वालामुखी बेट. १९७० च्या दशकात तिथं सुरुंगाची दारू, सायनाइड आणि दगड आपटून मासे हाकण्याची 'मुरो-आमी' पद्धत, सगळं चालायचं. विद्यापीठाची माणसं तिथं जाऊन राहिली. बोलत राहिली, अर्थातच सेबुआनोत, इंग्रजीत नव्हे. पहिली काही वर्षं फारसं कुणी ऐकलं नाही. १९८२ मध्ये गावानं प्रवाळाचा सुमारे दहावा हिस्सा बंद ठेवायचं कबूल केलं, आणि पहारा गावातल्याच कुटुंबांनी दिला. आपोचं उदाहरण पुढे शेकडो गावांनी गिरवलं. २०११ आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या दोन वादळांनी तिथल्या राखीव पट्ट्यातलं प्रवाळ फोडून टाकलं, तरी गावानं बंदी उठवली नाही.

मला हे ऐकताना मालवण आठवत होतं. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि मच्छीमारांचा विरोध तेव्हापासून संपलेला नाही. प्रवाळ तिथंही आहे, तारकर्लीला बुडी मारायला गर्दीही होते. फरक कुठे पडला, याचं माझ्यापुरतं उत्तर मला आमच्या तळाजवळच्या गावच्या सभेत मिळालं.

तिथल्या ग्रामपंचायतीला 'बारांगाय' म्हणतात. चौथ्या आठवड्याच्या शेवटी आम्ही मोजलेले आकडे सभेपुढे ठेवायचे होते. वाचायला प्रमुख बाईंनी मला उभं केलं. कारण सांगितलं, की तुम्ही सावकाश आणि सोपं बोलता. माझं एक वाक्य इंग्रजीत, मग आमच्यातली एक फिलिपिनो मुलगी ते सेबुआनोत सांगायची. राखीव पट्ट्याच्या आत पोपट मासे भरपूर, मोठे हेकरू मोजके. बाहेर मोठा हेकरू एकही नाही. कठीण प्रवाळ आत थोडा जास्त, पांढरा पडलेला मात्र दोन्हीकडे सारखाच. सभेत कुजबुज झाली. गावात एक गट पट्टा उघडावा म्हणणारा होता. एका म्हाताऱ्या मच्छीमारानं हात वर केला. सगळे त्याला 'मानोंग' म्हणत, म्हणजे आपल्याकडचं दादा. त्यानं दुभाषी मुलीला बाजूला सारलं आणि थेट मला इंग्रजीतच विचारलं: तुम्ही स्वतः पाहिलंत? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, पुढच्या वर्षी तुम्ही येणार?

मी नाही म्हटलं. येणं शक्य नव्हतं. त्याच तळाशी ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांवर दुसरी तुकडी फीत लावेल, असं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, मग ही मोजणी आमच्या पोरांना शिकवा. ती इथंच असणार आहेत.

पैसे भरून संवर्धन करायला येणाऱ्या आम्हा लोकांबद्दल इतकं नेमकं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. आठवडाभराच्या 'संवर्धन सहली' हल्ली खूप निघतात. माझं मत विचाराल तर ते पर्यटन आहे, आणि पर्यटन म्हणून करायला काही हरकत नाही. पण काम म्हणून जायचं असेल तर संस्थेला चार गोष्टी विचाराव्यात. मोजणीचे आकडे कुणाला दिले जातात? गावाशी लेखी करार आहे का? स्थानिक माणसं पगारावर आहेत का, आणि प्रशिक्षक आहेत की फक्त होडी चालवतात? आणि बुडीचा अपघात झाला तर दाबकक्ष किती तासांवर? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे भरू नयेत. आणखी एक: शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, त्याप्रमाणे तिकीट काढावं.

तर शेवटचे दहा दिवस मी वर्ग घेतला. गावातली सात मुलं आणि दोन मुली. त्यातले काही 'बांताय दागात', म्हणजे समुद्राचा पहारा करणाऱ्या गावपथकात होते. वर्ग इंग्रजीतून, कारण सेबुआनो मला येत नव्हती आणि मराठी त्यांना. त्यांची आणि माझीही ती शिकलेलीच भाषा. त्यामुळे कुणी कुणाला हसत नव्हतं आणि अडलं की दोघांपैकी कुणीतरी चित्र काढत होतं. पेंडीच्या पोत्यामागे काळा रंग लावून फळा केला होता. मासे ओळखायला त्यांना शिकवायची गरजच नव्हती. आम्ही नऊ दिवस घोकलेले मासे ती पोरं पाठमोऱ्या शेपटीवरून सांगत. त्यांना हवी होती ती फितीची शिस्त, दोन अक्षरी खुणा आणि अहवालातली इंग्रजी नावं. एका मुलीनं मला विचारलं, की बोटीवरून पाच वर्षं जे दिसतं ते तुम्ही का धरत नाही, एका सकाळचंच का धरता? मी तिला नमुना-निवडीचं शास्त्र समजावलं. अर्धा तास. मध्येच लक्षात आलं, की सेमी-इंग्रजीच्या वर्गात मला जे जमत नव्हतं ते हेच.

शेवटी आम्ही एक तक्ता केला. पहिल्या रकान्यात सेबुआनो, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात शास्त्रीय नाव. मुलांनीच हट्ट धरला म्हणून चौथा रकाना मराठीचा. लापू-लापूसमोर मी हेकरू लिहिलं. माया-मायासमोर तांबोशी. 'मोलमोल' म्हणजे पोपट मासा, त्याच्यासमोर मला काही सुचेना. 'दांगित'ही तसाच राहिला. हा सेबूला वाळवून विकतात आणि न्याहारीला तळून खातात. वर्गात शिकवताना मी 'पोपट मासा' असं भाषांतर करते, पण कोकणातला माणूस त्याला नक्की काहीतरी वेगळं म्हणत असणार. दिवाळीच्या सुट्टीत मालवणच्या मासळी बाजारात चित्रं घेऊन गेले. तिघींनी तीन नावं सांगितली आणि आपसांत वाद घातला. दांगितचा रकाना अजून भरायचा आहे.